लिफ्ट केलेल्या पिकअपची थरथर, किरकिर आणि तेलगळती: कामाच्या नोंदी

६ फेब्रुवारी

गाडी सेकंडहँड घेतलेली. डबल केबिन, डिझेल, फोर बाय फोर, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). लिफ्ट, म्हणजे गाडीची उंची वाढवणं, आधीच्या मालकाने करून घेतलेली आहे, पुढे टॉर्शन बार पिळून साधारण दोन इंच, मागे पाटा आणि हौसिंग (मागच्या एक्सलचं लोखंडी कवच) यांच्या मध्ये दोन इंची लोखंडी ब्लॉक, वर पुन्हा मागचे शॅकलपण (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) लांब घातलेत. टायर मूळ २४५/७० आर १६ होते ते काढून २६५/७० आर १६. आम्हाला उंची हवीच होती कारण बागेकडचा रस्ता म्हणजे सड्यावरचा नुसता जांभ्याचा कातळ, त्यात जुन्या चिरेखाणीचे खड्डे, आधीच्या गाडीचं डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) तिथे खरवडायचं.

तक्रारी तीन आहेत. साठच्या पुढे सीटखालून थरथर येते, सत्तरला सगळ्यात जास्त, मग नव्वदकडे जाताना जरा कमी होते. किरकिर आहे, आणि नीट ऐकलं तर ते दोन वेगळे आवाज आहेत. आणि रात्री उभी केली की सकाळी खाली तेलाचे ठिपके, तेसुद्धा एका जागी नाहीत. हापूस सुरू व्हायच्या आत गाडी पेट्या घेऊन फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाण्याच्या लायकीची झाली पाहिजे.

सल्ले भरपूर मिळाले. बॅलन्सिंग कर, सील बदल, पाट्यांना जळकं ऑइल मार. जामसंड्याचे आमचे मेस्त्री मात्र गाडीखाली एकदा वाकून बघून म्हणाले, "सगळ्यो तक्रारी एकदम हातात घेव नको, एकेक धर." तसंच करायचं ठरवलं. माप घेतल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

८ फेब्रुवारी

सुरुवात टायरपासून, कारण फुकट आहे. चारही चाकं उतरवली तर मागच्या दोन्ही रिमच्या आतल्या बाजूला लाल माती थापून वाळून दगड झालेली, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी. ही गोष्ट आपल्याकडे फार होते आणि कोणी बघत नाही, बाहेरून गाडी धुतात आणि आतली माती तशीच. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढली, मग बॅलन्सिंग केलं. स्टिअरिंगला जी हलकी थरथर होती ती गेली. सीटखालची जशीच्या तशी आहे.

स्टिअरिंग थरथरलं तर आधी पुढची चाकं बघायची, सीट आणि फ्लोअर थरथरले तर मागची बाजू, हा ढोबळ नियम धरला तर आता शाफ्ट (इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा), क्रॉस (त्याचे कोनात वळणारे सांधे), सेंटर बेअरिंग (दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये धरणारं) आणि डिफरन्शियल एवढंच उरतं.

११ फेब्रुवारी

नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागून कणकवलीपर्यंत. चौपदरी काँक्रीट सपाट आहे म्हणून टेस्टला बरं, देवगड-निपाणी रस्त्यावर रस्त्याचीच थरथर इतकी की गाडीची कळत नाही.

आधी सत्तरला चौथ्या गिअरमध्ये चालवली, मग त्याच स्पीडला पाचव्यात. इंजिनचे आरपीएम बदलले, थरथर तीच. म्हणजे इंजिन, क्लच, इंजिन माउंटिंग यांचा संबंध नाही, जे काही आहे ते चाकांच्या स्पीडला बांधलेलं आहे. मग रस्ता मोकळा बघून न्यूट्रल करून गाडी वाहू दिली (चावी बंद करायची नाही, पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातात), तर थरथर बरीच उतरली पण पूर्ण गेली नाही. परत गिअरमध्ये घालून ॲक्सिलरेटर दाबला की लगेच वाढते, सोडला की कमी. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चाकाचा बॅलन्स बिघडला असेल तर चाकाला काय पडलेलं नाही तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय.

मोबाइलवर व्हायब्रेशन मोजायचं फुकटचं ॲप येतं, ते सीटच्या लोखंडी पट्टीला फोन घट्ट बांधून चालवलं. भाच्याला बाजूला बसवून स्क्रीनशॉट काढायला लावले. गणित असं, या टायरचा व्यास साधारण ७७७ मिलिमीटर, वजनाने थोडा दबतो म्हणून एका फेऱ्यात गाडी अंदाजे २.३७ मीटर जाते. सत्तरला सेकंदाला १९.४ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ८.२ वेळा फिरतं. डिफरन्शियलचा रेशो ४.१ आहे म्हणजे शाफ्ट सेकंदाला ३३-३४ वेळा. ॲपमध्ये ८ ला बारीकशी टेकडी दिसली, ३३ ला जवळपास काही नाही, आणि ६७ ला उभा खांब.

३३ ला खांब असता तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याचा बॅलन्स गेलाय असं म्हटलं असतं. ६७ म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा नेमकं हेच होतं, शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. दोन टोकांचे कोन सारखे असले की एकाचं दुसरा खाऊन टाकतो, सारखे नसले की उरलेलं सगळं तुमच्या सीटखाली येतं.

(स्पीड जीपीएसवर बघायचा. मोठ्या टायरमुळे मीटर साडेतीन-पावणेचार टक्के कमी दाखवतोय, हायवेच्या स्पीड कॅमेऱ्यासाठीपण माहीत असलेलं बरं.)

१५ फेब्रुवारी

चुलतभावाने बंदरावरून मासळीचे क्रेट न्यायला गाडी नेली होती. परत आल्यावर म्हणतो, "दादा, तू उगाच बोंब मारतोस, सत्तर-ऐंशीला मस्त गेली, कसली थरथर?" येताना रिकामी आणली तेव्हा? तेव्हा होती म्हणतो.

सगळ्यात मोठा पुरावा त्याने असा सहज सांगून टाकला. बर्फासकट क्रेट भरल्यावर मागचे पाटे बसतात, हौसिंग चेसिसच्या जवळ येतं, शाफ्टचा उतार कमी होतो आणि थरथर गायब. वजनाने बरी होणारी थरथर म्हणजे कोनाची थरथर. बॅलन्स गेलेला शाफ्ट भरल्या गाडीत असा गप्प बसत नाही.

१६ फेब्रुवारी

सपाट कोबा शोधायला भात वाळवायचं खळं कामाला आलं. गाडी चाकांवरच उभी, जॅक लावून मागचं लटकू द्यायचं नाही कारण मग कोन सगळे खोटे येतात. चुंबकवाला डिजिटल अँगल मीटर घेतला, सुतारकामाला मिळतो तोच.

मागच्या दिशेने खाली जाणारा उतार, अंशात:
ट्रान्सफर केसचा (फोर बाय फोरचा गिअरबॉक्स, शाफ्ट इथून निघतो) फ्लँज, म्हणजे जोडाची चकती ३.२
पुढचा शाफ्ट ३.६
मागचा शाफ्ट ९.५
पिनियन (डिफरन्शियलमध्ये शिरणारा गिअरचा दांडा) ६.८

म्हणजे पहिल्या क्रॉसला फक्त ०.४, तो शांत आहे. सेंटर बेअरिंगपाशी ५.९ आणि पिनियनपाशी २.७. शेवटचे दोन सारखे असायला हवेत, एका अंशाच्या आत, इथे तीनच्या वर फरक आहे. आणि ॲक्सिलरेटर दाबला की पाटे थोडे पिळतात आणि पिनियनचं तोंड अजून वर जातं (खाली ब्लॉक असला की जास्तच, हौसिंगला लिव्हर मिळतो), फरक आणखी वाढतो. हायवेवर जे जाणवलं तेच आकड्यात आलं.

पिनियनचं तोंड वर का गेलं याचं उत्तर लांब शॅकल. पाट्याचं मागचं टोक खाली ढकललं की पूर्ण पाटा तिरका होतो आणि त्याच्यावर बांधलेलं हौसिंग त्याच्याबरोबर फिरतं. ब्लॉकने गाडी सरळ उचलली जाते, शॅकलने उचलली पण जाते आणि वाकडी पण होते. मला शॅकलने केलेली लिफ्ट अजिबात पटत नाही, स्वस्त आहे म्हणून करतात.

२० फेब्रुवारी

किरकिर. पहिला आवाज हळू चालताना चिक-चिक-चिक, स्पीडबरोबर वाढणारा, वीसच्या पुढे इंजिनच्या आवाजात बुडतो. मेस्त्री कान देऊन बाजूने चालत आले आणि म्हणाले, "हो आवाज पाट्यांचो न्हय, क्रॉसचो आसा." मी मोजून बघितलं. दहाच्या स्पीडला चाक सेकंदाला एकदा-सव्वा एकदा फिरतं, शाफ्ट जवळपास पाच वेळा. रेकॉर्डिंग हळू करून ऐकलं तर सेकंदाला पाचच्या आसपास. ब्रेक शू किंवा ड्रम घासत असता तर चाकाच्या ठेक्यात आला असता. मेस्त्रींना गणित सांगितलं तर हसले फक्त.

शाफ्ट उतरवायच्या आधी दोन्ही फ्लँजवर आणि स्लायडिंग जॉइंटवर (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा दात्यांचा जोड) सेंटर पंचने खुणा केल्या. खडूची खूण डिझेलच्या फडक्याने जाते. स्लायडिंग जॉइंट एक दात जरी फिरवून बसवला तर दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत आणि मग कोन कितीही बरोबर करा थरथर नवी तयार होते. सेंटर बेअरिंगजवळचा क्रॉस काढला तर कपच्या सीलभोवती लाल भुकटी, आत सुया गंजलेल्या आणि क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे चरे उमटलेले. रोज ५.९ अंशात फिरून आणि ग्रीस न मिळून दुसरं काय होणार. पिनियनकडचा अजून ठीक आहे पण दोन्ही बदलतोय.

२१ फेब्रुवारी

दुसरा आवाज खड्ड्यातला, कुईंsss करून लांब. एकाने मागच्या बंपरवर उभं राहून गाडी खालीवर हलवायची आणि दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर पिचकारीने पाणी मारायचं. ज्या सांध्यावर पाणी पडल्यावर आवाज दोन मिनिटं बंद होतो तो गुन्हेगार. डावा मागचा शॅकल सापडला. हात लावून ठेवला तर आवाजाबरोबर बोटाला बारीक करकर लागते.

कारण शोधायला लांब जायला नको. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकातून सरळ त्याच शॅकलवर ठिबकतं. पिन गंजून जाड झाली, रबर बुश तिच्यावर फिरायच्या ऐवजी फाटत चाललं. पाट्यांवर जळकं ऑइल मारायचा सल्ला याच्यासाठीच बाद, रबर तेलाने फुगतं आणि त्यावर आपली लाल धूळ बसली की पॉलिश पेपर तयार. रबराच्या बुशला सिलिकॉन ग्रीस, बाकी काही नाही.

पाटा, ब्लॉक आणि हौसिंग एकत्र आवळणारे यू बोल्टपण तपासले. डावीकडचे दोन टॉर्क पान्याने जवळपास पाव फेरा फिरले. ब्लॉक घातलेल्या गाडीत यू बोल्ट ढिले म्हणजे हौसिंग सरकतं, सेंटर पिनवर सगळा भार येतो, ती तुटली तर चाक मागे जातं. आवाज नव्हता म्हणून कोणी बघितलं नसतं.

हौद्याच्या भोकाला आता रबरी नळी लावून पाणी बंपरच्या मागे सोडलंय.

२४ फेब्रुवारी

तेल. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवला आणि ठिपक्यांभोवती पेनने कुठलं चाक कुठे ते लिहिलं. दोन जागा. मागच्या ठिपक्याला तो गंधकाचा उग्र वास, म्हणजे डिफरन्शियलचं गिअर ऑइल, एकदा नाकात बसला की चुकत नाही. मधला काळा, इंजिन ऑइल, बेल हौसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं कवच) खालच्या टोकाला लटकलेला.

बेल हौसिंगला तेल बघून एका गॅरेजमध्ये लगेच सांगितलं की क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मेस्त्रींचं वाक्य, "तेल खंयसून गळता तां आधी बघ, मगे सील बदल." तेल वरून खाली आणि चालत्या गाडीत पुढून मागे जातं, त्यामुळे जिथे थेंब लटकतो ती जागा बहुतेक वेळा निरपराध असते. इंजिनची मागची बाजू डिझेल आणि ब्रशने धुतली, कॉम्प्रेसरने वाळवली, वरपासून खालपर्यंत टाल्कम पावडर उडवली आणि कुणकेश्वरपर्यंत जाऊन आलो. पावडरमध्ये ओली रेघ व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन खाली आलेली, स्वच्छ दिसली. गॅस्केट कडक होऊन प्लॅस्टिकसारखं झालेलं. गॅस्केट बदललं, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने कसले. गिअरबॉक्सला हात लावायची गरज पडली नाही.

२६ फेब्रुवारी

पिनियनचं सील गेलंय हे उघड आहे. पण नुसतं सील बदललं असतं तर पावसाळ्याआधी परत गळलं असतं, कारण सील का गेलं हे वर बघितल्यावर कळलं. हौसिंगच्या ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करायची, नळी. मूळ गाडीच्या उंचीला मापून दिलेली, हौसिंग अडीच इंच खाली गेल्यावर ती ताणून ताठ झालीय आणि चेसिसच्या कडेवर दबून चपटी. दहा-पंधरा किलोमीटर चालवून भरायचा प्लग हळू ढिला केला तर फुस्स करून हवा आली. तेल तापलं की आतली हवा फुगते, वर जायला वाट नाही, मग सगळ्यात मऊ जागेतून म्हणजे सीलमधून तेल ढकलते. आणि उलटंपण आहे. गरम हौसिंग वहाळाच्या पाण्यात घातलं की हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल काढलं तर दुधाळ करडी झाक होती. बागेकडे जाताना एक वहाळ उतरावाच लागतो.

थरथरीनेही सीलला हातभार लावलाच असणार, पण पिनियनला हाताने हलवून बघितलं, खेळ नाही. बेअरिंग वाचली.

सील बदलताना पिनियनच्या नटावर, टोकावर आणि फ्लँजवर पंचची एक रेघ, कारण आत क्रश स्लीव्ह (नट आवळला की चेपणारी नळी) आहे आणि नट खुणेच्या फार पुढे गेला तर बेअरिंग आवळून जाते. खोलायच्या आधी फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढून किती जोर लागतो ते लिहून ठेवलं, बसवल्यावर तेवढाच आला पाहिजे. फ्लँजवर जुन्या सीलच्या ओठाने नखाला लागेल अशी खाच पाडलेली. नवीन सील दीड-दोन मिलिमीटर बाहेर ठेवून बसवलं म्हणजे ओठ ताज्या जागेवर चालतो.

ब्रीदरला नवीन लांब नळी, मागच्या टेललॅम्पच्या मागे हौद्याच्या उंचीपर्यंत नेली, टोक खाली वळवून. तेल ८०डब्ल्यू-९० जीएल-५, भरायच्या होलच्या खालच्या कडेपर्यंत.

३ मार्च

कोल्हापूर. उद्यमनगरात लेथवाल्याकडून दीड अंशाच्या लोखंडी पाचरी करून घेतल्या. ॲल्युमिनियमच्या तयार मिळतात पण यू बोल्टच्या दाबाखाली त्या चिरडतात, लोखंडीच बऱ्या. जाड बाजू पुढे, म्हणजे पिनियनचं तोंड खाली येतं. लांब शॅकल काढून मूळ मापाचे, नवीन पिन आणि बुशसकट. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली १० मिलिमीटरचे स्पेसर. जास्त खाली घेतलं असतं तर पहिल्या क्रॉसचा कोन वाढला असता आणि त्याला तोडायला समोर कोणी नाही, म्हणून तेवढंच. यू बोल्ट नवीन, जुने एकदा ताणले की परत वापरायचे नाहीत.

नवीन मापं: फ्लँज ३.२, पुढचा शाफ्ट ४.६, मागचा ८.१, पिनियन ४.१. कोन आले १.४, ३.५ आणि ४. पिनियन मुद्दाम अर्धा अंश खाली ठेवलाय, ॲक्सिलरेटरवर तो वर येतोच.

येताना फोंडा घाट उतरून हायवेला सत्तर, ऐंशी, नव्वद. ॲपमध्ये ६७ चा खांब आधीच्या पाव भागाएवढा उरलाय. सीटला कळत नाही.

५ मार्च

शाफ्टच्या नादात खाली पडून बघत असताना एक वेगळीच गोष्ट दिसली जी तक्रारीत नव्हती. मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चेसिसवर व्हॉल्व्ह, त्याची दांडी हौसिंगला बांधलेली, गाडी भरली की दांडी वर सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. लिफ्ट करताना दांडीला कोणी हात लावलेला नाही. म्हणजे भरलेली गाडीसुद्धा व्हॉल्व्हला रिकामीच वाटतेय आणि मागचे ब्रेक निम्म्या मनाने लागतायत. पेट्या भरून घाट उतरायचा आणि सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर, या विचाराने पोटात गोळा आला. हौसिंगकडच्या ब्रॅकेटला ब्लॉकच्या उंचीएवढा तुकडा जोडून दांडी मूळ जागी आणली. ब्रेकचा मागचा रबरी पाइपसुद्धा पूर्ण लटकल्यावर ताणत होता, लांब टाकला.

लिफ्ट किटच्या खोक्यात ब्लॉक आणि यू बोल्ट असतात, ब्रीदर, ब्रेक पाइप आणि हा व्हॉल्व्ह नसतो. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय, त्यामुळे सीझन संपला की ब्लॉकपण काढून मूळ उंचीवर आणायचा विचार घरात चालू आहे. बाबा पहिल्यापासून तेच म्हणतायत. बागेच्या रस्त्यावर दोन ट्रॉली माती टाकली तर उंचीची गरज अर्धी होते हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

२२ मार्च

पेट्या सुरू. यू बोल्ट परत कसले, अगदी थोडे फिरले. पुठ्ठा कोरडा. व्हॉल्व्ह कव्हरपण कोरडं. भरल्या गाडीला घाटात आता मागून ब्रेक लागल्याचं कळतं, पुढचं नाक पूर्वीसारखं खाली जात नाही.

१८ मे

मे महिन्याच्या उन्हात परत चिक आवाज आला म्हणून धावत खाली गेलो तर हौद्याच्या फाळक्याचं बिजागर. ग्रीस लावलं.

खरं काम पुढे दिसतंय. डाव्या पुढच्या एक्सलच्या बाहेरच्या रबरी बूटला घडीत चीर पडलीय, रिमच्या आतून ग्रीसचे शिंतोडे. टॉर्शन बार पिळल्यामुळे एक्सल सतत कोनात, आणि माझ्या गाडीला फ्री व्हीलिंग हब (पुढचं चाक एक्सलपासून सोडवणारी सोय) नाहीत म्हणजे टू व्हीलवर असतानाही तो फिरतच असतो. वळणावर टकटक अजून नाही, म्हणजे जॉइंट वाचलाय, बूट आणि ग्रीस बदलून भागेल. १ जूनपासून मासेमारी बंद, पेट्याही तोवर आटोपतील, तेव्हा गाडी चार दिवस मेस्त्रींकडे ठेवता येईल. पुढचा टॉर्शन बार एक इंच खाली घ्यायला सांगितलाय, त्याचबरोबर अलाइनमेंट. पुढच्या डिफरन्शियलचा ब्रीदरही त्याच वेळी बघायचाय.